सांगायचं कोणाला?

जयगडच्या धक्क्यावर मी तवसाळच्या फेरीबोटीची वाट पाहत बसले होते. शेजारी मासळी विकणारी एक मावशी पाटी उतरवून उभीच होती. "बसा की," म्हटलं. "नको गो बाय. उकिडवं बसलं की अंग भायेर येतं." गुडघा दुखतो म्हणावं इतक्या सहज! चौथ्या बाळंतपणापासून हे चाललंय. डॉक्टरला दाखवलं? "पिशवी काढतील म्हणून नाय गेले."

मी तरी काय मोठी शहाणी? बँकेत काउंटरवर खोकला आला की साडी ओली व्हायची. पै-पैचा ताळा लावणारी मी, पण हे वर्षानुवर्षं घरातही बोलले नाही.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासून घेतलेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्यांतले पुष्कळ आजार जंतुसंसर्गाचे. पण अबोला हाच.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, डोक्यावरची ओझी यांनी ती सैल पडते. पाळी गेल्यावर अधिकच. लघवी रोखताना आपण जे आवळतो, तेच हे स्नायू. अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी १९४८ मध्ये त्यांचा व्यायाम मांडला. आवळायचं, हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्यायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा खेळ नको. तीन महिने तरी चिकाटी हवी. माझं खोकल्याचं संकट यानंच पुष्कळ हटलं.

अंग पार बाहेर आलं असेल तर नुसत्या व्यायामानं ते वर जात नाही. त्यासाठी पेसरी असते, म्हणजे सिलिकॉनची कडी. डॉक्टर मापानं आत बसवतात. भूल नाही, टाके नाहीत. काहीजणी ती स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवतात. अधूनमधून तपासणी मात्र चुकवायची नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं किंवा लघवी अडली, तर लगेच डॉक्टर गाठायचा.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. बोट लागली. पाटी उचलायला मी हात लावला, तशी ती हळूच म्हणाली, "रत्नागिरीला तुमी याल काय संगती?"

बुधवारची सकाळची एसटी ठरली आहे.