न जळालेले डिझेल सर्वांत स्वस्त
लष्कराच्या इंधनखर्चातून कारखानदारांनी घ्यावयाचा धडा

मालाची खरी किंमत खरेदीच्या पावतीवर नसते. भाडे, हमाली आणि वाटेतली तूट धरली म्हणजेच पडतळ निघते, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगावयास नको. अमेरिकन लष्कराला मात्र हा हिशेब इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत फार महागात शिकावा लागला.

अफगाणिस्तानला समुद्रकिनारा नाही. तेथील परदेशी फौजांचे पुष्कळसे इंधन कराची बंदरातून तोरखम व चमनच्या वाटेने टँकरने जाई. २०१० साली तोरखमची वाट काही दिवस बंद झाली तेव्हा खोळंबलेले टँकर जाळले गेले. यात स्थानिक ड्रायव्हरांचेही बळी गेले. अमेरिकन लष्कराच्याच २००९ च्या एका अभ्यासानुसार, २००७ मध्ये अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे सरासरी एक माणूस ठार वा जखमी होत होता.

एवढ्या मोलाचे डिझेल जाई कोठे? मोठा हिस्सा छावण्यांतील जनरेटर पीत. कापडी तंबू उन्हात तापत, वातानुकूलन यंत्रे रात्रंदिवस चालत आणि गारवा कापडातून निसटून जाई. शिवाय मोठे जनरेटर थोड्याशा लोडवर चालत. असे चालवले की प्रत्येक युनिटमागे डिझेल जास्त लागते आणि इंजिनही लवकर खराब होते.

२००६ साली इराकमधील अन्बार प्रांतातून मेजर जनरल रिचर्ड झिल्मर यांनी सौर व पवन ऊर्जेची साधने तातडीने मागितली. टँकरच्या फेऱ्या घटल्या तर जवानांवरील धोका घटेल, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे इराकमध्ये तंबूंवर फोमचा थर फवारण्यात आला. २०१० मध्ये हेल्मंडमधील सांगीन येथे मरीन सैनिकांच्या एका कंपनीने सौर पत्रे नेले. तिच्या काही चौक्या सूर्यावरच चालल्या. जनरेटरचा आवाज थांबला, गस्तीवर न्यायच्या जादा बॅटऱ्यांचे ओझे घटले.

म्हणजे काटकसरीने फौज दुबळी झाली नाही, उलट तिचे हात मोकळे झाले.

आपल्या कारखान्यालाही हाच नियम लागू आहे. मोठा जनरेटर घेण्यापूर्वी पत्र्याचे छप्पर किती तापते, कोणती मोटर रिकामी फिरते आणि खरा लोड किती, एवढे मोजून पाहा. कदाचित नव्या जनरेटरची गरजच उरणार नाही.