चोकचा हट्ट

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एक जड ठोकळा असायचा. दिवा लागेना की 'चोक गेला' म्हणून आपण तो बदलायचो. तो आत करतो काय, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. एलईडी आले आणि ती पट्टी गेली. चोक मात्र गेला नाही. अंग चोरून तो गाडीतल्या मोबाइल-चार्जरमध्ये जाऊन बसलाय. तिथे त्याला इंडक्टर म्हणतात.

दिसायला फेराइटच्या चुंबकीय गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, बस्स. पण तिच्यातून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि मग ती हट्टाला पेटते. प्रवाह एकदम वाढू द्यायचा नाही, एकदम थांबूही द्यायचा नाही. ट्यूब पेटायची ती याच हट्टापायी: स्टार्टरने प्रवाहाची वाट तोडली की चोक उसळून मोठा व्होल्टेज फेकायचा.

चार्जरचं कोडं असं. बॅटरी 12 व्होल्टची, फोनला हवेत 5. मधले 7 व्होल्ट नुसते जाळायचे म्हटलं तर 2 अँपिअरला फोनच्या वाट्याला 10 वॅट येतात आणि उष्णतेच्या वाट्याला 14. म्हणजे आधी भाजणी, मग चार्जिंग! त्याऐवजी मॉस्फेट नावाचं इलेक्ट्रॉनिक बटण सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतं. चालू असताना इंडक्टरमधला प्रवाह हळूहळू चढतो. बंद झालं की साठवलेल्या ऊर्जेवर इंडक्टरच डायोडच्या वाटेने तो पुढे रेटत राहतो. कुंभार काठीने चाकाला गती देतो आणि काठी बाजूला ठेवतो, तरी चाक फिरतच असतं, तसं. बटण साधारण 42 टक्के वेळ चालू ठेवलं की 12 चे 5 होतात. इंडक्टर 47 मायक्रोहेन्रीचा असेल, तर प्रवाह 1.7 ते 2.3 अँपिअरमध्ये झुलतो. उरलेली लाट कपॅसिटर सपाट करतो.

बटण जितकं चपळ, तितकी प्रत्येक खेपेला साठवायची ऊर्जा कमी. 50 हर्ट्झवर चालणारा तो जुना ठोकळा बोराएवढा झाला तो यामुळे. मात्र फेराइटलाही पोट असतं. प्रवाह फार चढला की ते भरतं, हट्ट ढेपाळतो, प्रवाह सुसाट सुटतो आणि जीव जातो मॉस्फेटचा. म्हणून गाभ्यात मुद्दाम बारीक फट ठेवतात. गंमत म्हणजे बहुतेक ऊर्जा त्या फटीतच साठते.

रात्री सामसूम झाल्यावर एखादा चार्जर बारीक सूं करतो. चुंबकीय ओढीने तार आणि गाभा थरथरतात. जुना चोकही असाच गुणगुणायचा, फक्त जाड आवाजात.