मूल पूर्वीसारखे राहिले नाही तर…

काही वर्षांपूर्वी मानवतच्या माझ्या दवाखान्यात एक शेतकरी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. ‘डॉक्टरसाहेब, याला झोप नाही, अंग धरत नाही. टॉनिक लिहून द्या,’ असे त्यांनी सांगितले. कापूसवेचणीचे दिवस होते, दवाखान्यात गर्दी होती. मी रक्त तपासले, टॉनिक लिहून दिले. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्याशी मी दोन वाक्येही बोललो नाही. पुढे गंडेदोरे झाले. जेवणात कोणीतरी विष कालवते, या भीतीने त्याने अन्न सोडले, तेव्हा तो मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचला. निदान झाले स्किझोफ्रेनियाचे. मधले आठ महिने वाया गेले आणि त्यात माझाही वाटा होता.

वाचकहो, स्किझोफ्रेनिया व बायपोलर यांसारखे तीव्र मानसिक आजार बहुधा किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीत डोके वर काढतात. ते एका रात्रीत येत नाहीत. त्यांची चाहूल कित्येक आठवडे, कधी अनेक महिने आधी लागते.

चाहूल कशी ओळखावी?

या वयात मुले चिडतात, दार लावून बसतात. एवढ्यावरून घाबरू नये. राग ओसरतो, मित्र टिकून असतात, आवडीचा खेळ सुटत नाही, तर तो वयाचा गुण समजावा. मात्र घर, शाळा आणि मित्र या तिन्ही ठिकाणी मूल बदलले आणि तो बदल दोन-तीन आठवडे टिकला, तर सावध व्हावे. रात्रभर जागरण, अंघोळ व कपड्यांविषयी बेफिकिरी, अभ्यासात अचानक घसरण, जुने मित्र तोडणे, विनाकारण संशय, एकट्याने पुटपुटणे किंवा हसणे, बोलण्यातील तुटकपणा या खुणा आहेत. अल्प झोपेनंतरही न थकता मोठमोठ्या योजना बोलणे हीदेखील खूणच. जगणे नकोसे झाल्याचे मुलाने सांगितले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पालकांनी काय करावे?

‘अभ्यासाचा ताण’, ‘बाहेरची बाधा’, ‘लग्न झाले की सुधारेल’ या समजुतींत मोलाचा काळ जातो. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी सुधारणेची आशा अधिक. मुलाच्या संशयावर वाद घालू नये. ‘तुला भीती वाटते आहे, मी तुझ्याजवळ आहे,’ एवढे म्हणावे. प्रथम कुटुंबाच्या डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार किंवा व्यसन यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही. बरे वाटले म्हणून औषधे मनाने थांबवू नयेत.

हा आजार कोणाच्या संस्कारांचा दोष नव्हे. 2004 मध्ये आलेल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटात स्किझोफ्रेनियाग्रस्त भावाला सांभाळणारी बहीण आहे. पालकांनी तो अवश्य पाहावा. रुग्णाच्या भीतीचे स्वरूप आणि घरच्यांची ओढाताण त्यातून उमगते.

तो मुलगा आज नियमित औषधे घेतो, वडिलांबरोबर शेती पाहतो. झोपेची तक्रार घेऊन कोणी किशोर आला, की मी आता पालकांना क्षणभर बाहेर बसवतो आणि त्याला विचारतो, ‘तुला पूर्वीसारखे वाटते का रे?’ हा प्रश्न आपण आज घरीही विचारू शकता. उत्तर येईपर्यंत मात्र थांबावे.