वर्तुळातलं नागपूर, पायाखालचं नागपूर

काँग्रेसनगर मेट्रो स्थानकाभोवती संगणकावर एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं की ते रेल्वेचे रूळ सहज ओलांडतं आणि पलीकडच्या वस्त्याही पोटात घेतं. माणसाला मात्र अजनीच्या पुलापर्यंत जावं लागतं. सार्वजनिक वाहतूक किती नागपूरकरांच्या आवाक्यात आहे, हे मोजणाऱ्याची खरी परीक्षा इथेच सुरू होते.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधला ११.२.१ हा निर्देशांक त्यासाठी मापदंड देतो: बसथांबा ५०० मीटरच्या आत किंवा मेट्रो-रेल्वेचं स्थानक एक किलोमीटरच्या आत हवं. बाकी सामग्री मोफत मिळते. रस्ते आणि थांबे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून काढलेल्या नकाशावरून, लोकवस्तीचा अंदाज वर्ल्डपॉपच्या शंभर मीटरच्या चौकटींतून. हे सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत एकावर एक ठेवायचं. मग वर्तुळ पुसून अंतर रस्त्यारस्त्याने मोजायचं. तसं केलं की गोल आकार आक्रसतो आणि त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. प्रत्येक खाचेमागे एखादं कारण असतं: रूळ, नाग नदी, लांबलचक कुंपण किंवा मध्येच संपणारी गल्ली. कधी गल्ली प्रत्यक्षात असते, फक्त नकाशावर कुणी काढलेली नसते. ते खुर्चीत बसून कळत नाही. तिथे जाऊन चालावंच लागतं.

माणसं मोजणं त्याहून अवघड. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. त्यानंतर बेसा, पिपळा, हुडकेश्वरकडे लेआउटमागून लेआउट पडले. जुने आकडे वापरले तर वंचित राहिलेली हीच कडेची माणसं हिशेबात कमी भरतात.

११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीत भेटतात. मानेवाडा, दिघोरीचा भाग मात्र दोन्हींपासून दूर आहे. तिथे भिस्त महापालिकेच्या ‘आपली बस’वर. आणि ५०० मीटरच्या मापाची मोठी उणीव बसच्याच बाबतीत उघडी पडते. दहा मिनिटांनी बस येणारा थांबा आणि तासाभराने येणारा थांबा, दोन्ही त्याला सारखेच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना थांब्यावर सावली आहे की नुसता खांब, हेही ते विचारत नाही.

वेळापत्रक हिशेबात धरायचं तर थांबे, मार्ग आणि वेळा जीटीएफएस या ठरावीक साच्यात हव्यात. हा साचा २००५च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये आकाराला आला. कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपली अशी माहिती खुली केली.

नागपूर महापालिकेनेही ‘आपली बस’च्या प्रत्येक मार्गाची अद्ययावत माहिती याच साच्यात सर्वांसाठी खुली ठेवावी आणि मार्ग बदलला की लगेच सुधारावी. तोवर वाचकांनी एवढं करावं: ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून आपल्या वस्तीतला थांबा आणि तिथवर नेणारी गल्ली नोंदवावी.