निवृत्तीनंतर डबा एकत्र उघडा

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळते, पुष्पगुच्छ मिळतो, दोन-चार भाषणे होतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग येते, पण कुठे जायचे नसते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीतील बहुतेकांना हा दिवस ५८ व्या वर्षी पाहावा लागतो, चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांना ६० व्या वर्षी. ठेक्यावर राबणाऱ्यांना तर शालही मिळत नाही. "उद्यापासून येऊ नका" एवढेच ऐकायला मिळते.

पगार थांबला की घरात हिशोब होतो. पण पगाराबरोबर आणखी एक गोष्ट थांबते, तिचा हिशोब कोणी करत नाही. ती म्हणजे सोबत. तीस वर्षे ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, ज्यांना सासूचा त्रास सांगितला, ज्यांच्याकडून महिनाअखेरीस शंभर रुपये उसने घेतले, ती माणसे एका दिवसात नजरेआड होतात. वस्तीत घरोघरी रक्तदाब तपासत फिरताना मला हे सतत दिसते. घरात दहा माणसे असतात, तरी आजोबा एकटे असतात. मुलगा कामावर, सून कामावर, नातवंडे मोबाईलवर. आजोबा ओट्यावर.

हा एकटेपणा म्हणजे मनाचा लाड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात सांगितले आहे की, जगात दर ६ माणसांमागे १ माणूस एकटेपणा भोगतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंचा संबंध या एकटेपणाशी आहे. एकट्या माणसाला हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि विसरभोळेपणा यांचा धोका जास्त असतो. त्याचे कारण आपल्याला वस्तीतही समजते. एकटा माणूस चालायला बाहेर पडत नाही, वेळेवर जेवत नाही, गोळी संपली तरी कोणाला सांगत नाही, आणि त्याचा चेहरा उतरला आहे हे सांगणारे समोर कोणी नसते.

मी जनरल नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली आणि नंतर वस्तीच्या आरोग्याच्या कामाला लागले. वॉर्डातले माझे बहुतेक सोबती माझ्यापेक्षा वयाने मोठे होते, ते आता निवृत्त झाले आहेत. गेल्या हिवाळ्यात उत्तर नागपुरात आम्ही नऊ जण एका सिस्टरच्या घरी दुपारच्या जेवणाला जमलो. तीन सिस्टर, दोन मावशी, तीन मामा आणि मी. दवाखान्यात आयाबाईला मावशी आणि कक्षसेवकाला मामा म्हणण्याची रीत आहे, ती आमच्यात अजून टिकून आहे. यजमानीणबाईंवर रांधण्याचा भार नको म्हणून प्रत्येकाने आपापला डबा आणला होता. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, चण्याची भाजी, एका मामांनी आणलेली सांबारवडी.

जेवणाआधी मी सगळ्यांना पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजला. एका मामांचा १७८/१०० आला. विचारले तर म्हणाले, "आता ड्युटी नाही, टेन्शन नाही, म्हणून गोळी बंद केली." हा समज आपल्याकडे फार आहे. रक्तदाब ड्युटीबरोबर निवृत्त होत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार जात असेल तर उपचार लागतो, आणि बरे वाटते म्हणून गोळी बंद करायची नसते. हे मी सांगितले असते तर मामांनी मान डोलावून सोडून दिले असते. पण त्यांच्याबरोबर बावीस वर्षे काम केलेल्या सिस्टर म्हणाल्या, "मामा, उद्या सकाळी दहाला केस पेपर काढून माझी वाट पाहायची." आणि मामा गेले. सोबत्याचा शब्द घरच्यांच्या शब्दापेक्षा कधीकधी लवकर लागू पडतो.

जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या. एक सिस्टर एका मावशींना म्हणाल्या, "माझं बाळ तापानं फणफणलं होतं, तेव्हा इन्चार्जला न सांगता तुम्ही मला दोन तास घरी पाठवलंत आणि वॉर्डाकडं लक्ष ठेवलंत. मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते." मावशी पदराने डोळे पुसत राहिल्या. त्यांच्या कामाबद्दल कोणी असे तोंडावर बोलल्याचे त्यांना आठवत नव्हते. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आभार पुरे झाले सिस्टर, माझ्या फंडाचा कागद बघा."

मला त्या दुपारचे हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. आपल्याला म्हातारपणी समाधानी राहा, जे मिळाले त्याचे आभार माना असे सांगितले जाते. आभार जरूर मानावेत, पण ज्यांनी हात दिला त्या माणसांचे. हक्काचे पैसे बुडाले तरी गप्प बसणे म्हणजे कृतज्ञता नाही. एकाच वॉर्डात, एकाच रात्री काम केलेल्या दोन बायकांपैकी एकीला निवृत्तिवेतन आहे आणि दुसरीला काहीच नाही, हे त्या ताटाभोवती सगळ्यांना दिसत होते.

मावशींनी तीन ठेकेदारांकडे मिळून अकरा वर्षे काम केले होते. प्रत्येक ठेकेदाराचे भविष्य निर्वाह निधीचे खाते वेगळे. या योजनेत निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची नोकरी लागते. खाती वेगवेगळी राहिली तर दहा वर्षे भरलेली दिसत नाहीत, जोडली तर भरतात. २०१४ पासून या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम दरमहा १००० रुपये आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती त्यांची आहे. मावशींना साले आठवत नव्हती. ती सोबत्यांना आठवली. "तुम्ही आलात तेव्हा नवा लेबर रूम सुरू झाला होता," "त्या साली आपण संपावर होतो." अर्ज त्याच दुपारी लिहायला घेतला. सध्या तो कार्यालयात आहे आणि दोन सिस्टर पाठपुरावा करत आहेत.

असे जेवण तुम्हीही सुरू करू शकता. गिरणी असो, रेल्वे असो, महापालिकेची सफाई असो की बिडीचा कारखाना, सोबती सगळ्यांना असतात. जमाल तेव्हा एकमेकांना एवढे जरूर विचारा:

– रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली? कोणती गोळी चालू आहे? गोळीची पट्टी सोबत आणायला सांगा.

– सरकारी निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला का?

– कामगार विमा होता का? किमान ५ वर्षे विमा असताना वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा उपचार पुढेही घेता येतो.

– वय ७० झाले का? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आधार कार्डावर हे कार्ड निघते.

– निवृत्तिवेतन नाही, वय ६५ च्या पुढे आणि घरात गरिबी आहे का? तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा.

– झोप, भूक, बोलणे यांत फरक पडला आहे का? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे मोफत क्रमांक आहेत.

जेवणाची वेळ ठरवली की पाळा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याला उशीर चालत नाही, एकचे जेवण एकलाच झाले पाहिजे. लोणचे-पापड बेताने घ्या, गोडाचा आग्रह करू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची ठेवा. घर लहान असेल तर विहाराचे किंवा समाजमंदिराचे सभागृह दुपारी बहुधा रिकामे असते, ते मागा.

घरच्यांनाही एक विनंती. आजी किंवा आजोबा जुन्या सोबत्यांना भेटायला निघाले तर "आता कशाला?" म्हणू नका. बसपर्यंत सोडा, डबा भरून द्या, सोबत्यांचे क्रमांक त्यांच्या मोबाईलमध्ये मोठ्या अक्षरांत जतन करून द्या.

सुरुवात तीन नावांनी होते. आज रात्री तीन जुन्या सोबत्यांना फोन करा आणि पुढच्या महिन्याचा पहिला रविवार ठरवा. त्या दिवशी जो आला नाही, त्याला जेवण उरकल्यावर लगेच फोन लावा, आणि त्याने उचलला नाही तर संध्याकाळी दोघांनी त्याच्या घरी जाऊन या.