चरांतील पाणी आणि हवेचा ताप

शेताच्या कडेचा चर, बागेचा पाट किंवा गुरांसाठीं खणलेलें तळें यांकडे वाटसरू सहसा थांबून पाहत नाहीं. नद्या व सरोवरें यांची गणना भूगोलांत होते. चराचें नांव नकाशांतही नसतें. तथापि पृथ्वीची हवा तापविणाऱ्या वायूंच्या हिशेबांत या क्षुद्र जलाशयांना अलीकडे स्वतंत्र रकाना द्यावा लागला आहे.

इ. स. १७७६ मध्यें व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें माज्योरे सरोवराच्या कांठचा चिखल काठीनें ढवळून वर आलेले बुडबुडे धरले. तो वायु ज्योत लावतांच जळूं लागला. हाच मिथेन होय. पालापाचोळा उघड्या हवेंत कुजला म्हणजे मुख्यतः कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, निघतो. गाळाखालीं प्राणवायु पोंचत नाहीं. तेथें निराळ्या जातीचे सूक्ष्म जंतु तें काम हातीं घेतात आणि मिथेन उत्पन्न करतात. खोल सरोवरांत त्याचा बराच भाग वर येतां येतां दुसऱ्या जंतूंच्या भक्ष्यस्थानीं पडतो. चर मात्र उथळ. त्यांतला बुडबुडा सरळ हवेंत मिसळतो. शिवाय शेतांतील खत व माती वाहून चरांतच सांचतात, म्हणून जंतूंना अन्नाचा तोटा नाहीं. मिथेन हवेंत सुमारें १२ वर्षेंच टिकतो. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर वजनास वजन तो कर्बाम्ल वायूच्या सुमारें २८ पट ताप देतो.

हॉलंडचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथें पश्चिमेस पीट नांवाची, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची बनलेली पाणथळ जमीन आहे. मध्ययुगापासून शेतकऱ्यांनीं चर खणून तींतलें पाणी काढलें व कुरणें केलीं. दलदलीचा मिथेन कमी झाला. परंतु प्राणवायु आंत शिरून पीट झिजूं लागलें, कर्बाम्ल वायु सुटूं लागला आणि जमीन समुद्रसपाटीखालीं गेली. जमीन खचली म्हणून पाणी आणखी उतरवावयाचें, पाणी उतरलें म्हणून जमीन आणखी खचावयाची, असें हें रहाटगाडगें शतकानुशतकें चाललें आहे. आणि शेतांतून गेलासा वाटलेला मिथेन कांहीं अंशीं चरांतून निघतच राहिला.

हवामान-बदलाच्या आंतरशासकीय मंडळानें २०१३ सालीं निचरा केलेल्या अशा जमिनींतील चरांचा मिथेन मोजण्याची रीत घालून दिली. २०१९ सालीं कालवे व तळीं यांचीही भर पडली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जगांतील चर व कालवे यांतून वर्षास सुमारें ३५ लक्ष टन मिथेन निघतो असा अंदाज दिला आहे. मनुष्यकृत मिथेनचा हा ०.२ ते ३ टक्के भाग होय.

यावरून चर बुजवावे असें ठरत नाहीं. निचरा नसेल तर पीक बुडेल. खत बेतानें घालणें, तें पाण्यांत वाहूं न देणें आणि पीटच्या जमिनींत पाणी शक्य तितकें वर राखणें, हे मार्ग आहेत. परंतु ओल्या कुरणांत गुरांचे पाय रुततात व गवतही कमी मिळतें. तें नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. चरानें शेत तारलें हें खरें; म्हणूनच त्याचा खर्चही वहींत लिहिला पाहिजे, आणि तो सर्वांनीं मिळून वांटून घेतला पाहिजे.