३०° हे उत्तर चूक की अपुरं?

समजा, डहाणू किंवा तलासरीतल्या बारावी सायन्सच्या वर्गात तुम्ही 'साइन थीटा = १/२' हे समीकरण सोडवायला दिलंत आणि बऱ्याच जणांनी ३०° लिहून पेन खाली ठेवलं. खरं तर १५०° हीसुद्धा उकल आहे. दोन्हींत ३६०° च्या पटी मिळवत गेलात, तर उकली संपतच नाहीत.

पण 'मुलांना त्रिकोणमिती येत नाही' असा निष्कर्ष काढायची घाई नको. दहावीत थीटा काटकोन त्रिकोणातला लघुकोन होता, तिथे ३०° हेच पूर्ण उत्तर. बारावीत तोच थीटा वर्तुळावर फिरतो. शिवाय या भागात अनेकांच्या घरी वारली, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला इंग्रजी. मग अडलं कुठे?

चिठ्ठ्या टाकून तीन गट करा. पहिल्याला प्रश्न इंग्रजीत द्या, दुसऱ्याला मराठीत, तिसऱ्याला मराठीतच पण वर्तुळाच्या आकृतीसह. दुसरा गट पहिल्याच्या पुढे गेला तर संशय भाषेवर. तिसरा दुसऱ्याच्याही पुढे गेला तर कोनाच्या कल्पनेवर.

आणि तपासताना 'चूक' व 'अपुरं' असे दोन रकाने वेगळे ठेवा. नुसते गुण मांडलेत, तर हा फरक नंतर शोधूनही सापडत नाही.